न तुटलेला धागा

आमचे रसायनशास्त्राचे सर फ्लास्कमधल्या गरम, चिकट गोळ्यात काचेची कांडी बुडवायचे आणि सावकाश वर उचलायचे. कांडीमागून निघालेला धागा टिकला तर पॉलिएस्टर झालं. तुटला की कांडी बेसिनमध्ये आपटून म्हणायचे, "तुटला की! जावा आता गावाकडं, म्हशी राखा." आठवडाभर शेगडीपुढे बसलेल्या पोराचं पडलेलं तोंड त्यांना बघायचंच असे.

तुम्हालाही असा एखादा गुरू भेटला असेल. आमचा जरा जास्त हुशार होता, एवढंच. कोल्हापुरात प्लॅस्टिकच्या पिशव्या नुकत्या कुठे दिसू लागल्या होत्या, तेव्हा हा माणूस मातीत विरून जाणारं पॉलिएस्टरचं प्लॅस्टिक करत होता, तेही ताक ज्यानं आंबतं त्या लॅक्टिक आम्लापासून.

काचेच्या सांध्यांतून हवा शिरू नये म्हणून लावायचं परदेशी ग्रीस ते कुलपात ठेवत. मागितलं तर, "बापाचं हाय व्हय तुझ्या?" मग आम्ही सगळेच शाहूपुरीतून व्हॅसलीन आणून लावायचो.

सुमन आमच्यातली सगळ्यात चांगली. तिच्या वडिलांचा आजऱ्याला काजूचा धंदा. त्यांची अट होती, मुंबईच्या मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू तोलणाऱ्या यंत्रावर, माल खरा ठरला तर पीएच.डी. पुरी कर, नाहीतर आलेलं स्थळ पक्कं. सरांना हे माहीत होतं.

आलेख आला तेव्हा सरांनी वडिलांना मुद्दाम बोलावून घेतलं. पॉलिएस्टरच्या रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसायला हव्यात. त्या होत्याही, पण बारीक. बाकी सगळं सांध्यांतून मालात उतरलेल्या व्हॅसलीनचं रान माजलेलं.

"पावणं, बघा. तुमच्या लेकीनं इतकी वर्षं खपून तोंडाला लावायचं व्हॅसलीन केलंय."

"सर, धुऊन परत पाठवूया की," सुमन म्हणाली.

"आणि मुंबईवाल्यांनी हसायचं मला?"

"म्हंजे जमलं न्हाय," वडील उठले. "चल गं."

तिनं खिशावर स्वतःचं नाव विणलेला ॲप्रन काढला, घडी करून स्टुलावर ठेवला आणि गेली.

तिचं लग्न झालं त्याच महिन्यात सरांनी तिचाच माल विरघळवला, गाळला, धुतला. एका दुपारचं काम. दुसरा आलेख देखणा आला. शोधनिबंध छापला गेला तो एकट्या सरांच्या नावानं.

सर आता नाहीत. मला वाईट वाटलं नाही. डोळ्यांपुढे येतात ते बाहेरच्या पाहुण्यांसमोर उभे असलेले. सुमनचा फ्लास्क तापवायचे, कांडी उचलून मागे सरकत पार दारापर्यंत जायचे. "बघा, तुटतोय का?"

धागा तुटायचा नाही. पाहुणे टाळ्या वाजवायचे, आणि सर चिकट कांडी पुसायला स्टुलावरचा तो ॲप्रन उचलायचे.