उडत नाही, बसून ऐका

जागृती घरतला कुणाची मनधरणी करायची सवय नाही. चौतिशीतली ही बाई विमानतळाशेजारच्या करंजाड्यात वडिलांचा साउंडचा धंदा एकटी चालवते. हळदीला छाती हलवणारे ते काळे स्पीकर तिचेच. मिक्सरवर बाई बसलेली बघून पाव्हणे आधी हसतात, मग गाण्याची फर्माईश घेऊन तिच्याकडेच येतात.

दोन वर्षं खपून तिनं ड्रोन मेटलचा अल्बम केला. म्हणजे काय, तर गिटारचा एकच जाडाभरडा, खरखरीत सूर धरायचा आणि सोडायचाच नाही. ठेका नाही, गाणारा नाही. असलं ऐकणारे तिला इंटरनेटवर भेटत होते. पण जिथं लहानाची मोठी झाली तिथल्या एकानं तरी ते शेवटपर्यंत ऐकावं, हा तिचा हट्ट. म्हणून तुकडेही नवख्याला झेपतील असे पायरीनं लावलेले: सहा मिनिटं, अकरा, मग एकोणीस.

सोसायटीच्या फळ्यावर तिनं लिहिलं, ‘रविवारी चार वाजता हॉलमध्ये ड्रोन. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी.’

दुसऱ्या दिवशी खाली लाल खडूत उत्तर: ‘विमानतळाजवळ ड्रोनला सक्त मनाई. कार्यक्रम रद्द. सेक्रेटरी.’

सेक्रेटरी नंदकिशोर प्रधान. निवृत्त, सभ्य, हॉलची किल्ली कायम खिशात. ‘ऐकणाऱ्यांसाठी’ हा शब्द त्यांनी वाचलाच नव्हता.

“काका, माझं उडत नाही. वाजतं.”

“मग ड्रोन कशाला म्हणतेस?”

“सूर धरून ठेवतात त्याला ड्रोनच म्हणतात. तंबोरा करतो तेच.”

“मग तंबोरा लिही! आत्ता किल्ली देतो.”

“तंबोरा मागे बसतो, काका. माझा पुढे बसतो. शब्द बदलणार नाही.”

“मग किल्ली नाही.”

तिनं लाल अक्षरांखाली लिहिलं, ‘उडत नाही. बसून ऐका. समोर माझ्या गोडाऊनच्या ओट्यावर.’

रविवारी तीसेक माणसं जमली. निम्मी मोबाइल वर धरून आभाळाकडे बघत होती. सूर सुरू झाला. पहिल्या खुर्चीवर बसलेली तिची आई, पुतळा, वाट बघून कंटाळली.

“जागे, गानं कवा चालू व्हनार?”

“चालूच हाय, आये.”

“हं?”

सहा मिनिटांत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. अकरा मिनिटांचा तुकडा संपेस्तोवर पुतळाही उठली. “प्वाट हाललं गो माजं. चाय ठेवते.” जागृतीनं आवाज कमी केला नाही. तिसरा तुकडा तिनं रिकाम्या खुर्च्यांसमोरच लावला.

तेवढ्यात नंदकिशोर आले. तक्रार तयार, बोट वर. पण माणूस रीतीचा. वाजत असताना मध्ये बोलायचं नाही. ते सूर थांबायची वाट बघत उभे राहिले. सूर थांबेना. ते भिंतीला टेकले. मग खुर्चीवर बसले. बोट कधी खाली आलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

एकोणीस मिनिटांनी सगळं शांत झालं.

“मध्ये बोलायला जागाच ठेवली नाहीस!”

“ठेवायचीच नव्हती.”

नंदकिशोरांनी छातीवर हात ठेवला, काढला, घसा खाकरला. “पुढच्या रविवारी हॉल घे. पण फळ्यावर तंबोरा लिही बाई, लोक घाबरतात.”

पुतळा चहा घेऊन आली. जागृतीनं पहिला कप नंदकिशोरांच्या हातात दिला.

“ड्रोनच लिहिणार,” ती म्हणाली. “आणि तुमच्या लाल खडूनं.”