एक मुकी पट्टी

साबणापासून सिमेंटपर्यंत कशाच्याही जाहिरातीला मास्तर घरबसल्या चाल लावून देत. ती ऐकून कुणाला एखादं जुनं गाणं आठवलंच, तर ते शांतपणे म्हणत, "त्याला प्रेरणा म्हणतात." ही प्रेरणा त्यांना नेमकी गाजलेल्या गाण्यांवरूनच मिळे, एवढंच.

परवा मात्र रेडिओवर दुसऱ्याच कुणीतरी केलेली बिस्किटांची जाहिरात लागली आणि मास्तरांच्या हातातला चहा सांडला.

"चोर लेकाचा! माझी साबणाची चाल जशीच्या तशी ढापली!"

"तुमचीच कशावरून?" भाजी चिरता चिरता बायकोने विचारलं.

"अगं, तिसऱ्या ओळीत सूर कसा तुटतो बघ! माझ्या कीबोर्डची एक पट्टी वाजत नाही, म्हणून मी तिथला सूर गाळला होता. त्या गाढवाने ती जागासुद्धा रिकामीच ठेवली! आता कोर्टातच खेचतो त्याला. याहून मोठा पुरावा कुठला?"

बायकोने सुरी खाली ठेवली.

"खेचा की. पण जजसाहेबांना नीट सांगा हं, जो सूर वाजलाच नाही तेवढा आमचा. वाजले ते सगळे लोकांचे."