पाठमोरं बोललेलं

वाल्मिकचे कान नक्की कोणत्या वर्षी गेले हे कोणालाच सांगता येत नाही. एका दिवसात गेले असते तर लक्षात आलं असतं. तो अठराव्या वर्षी दोंडाईचाहून सुरतला आला आणि उधन्याच्या एका लूम्सच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, कामाला लागला. त्या खात्यात साठ लूम एका वेळी चालायचे. तिथे तोंडाने बोलून उपयोग नसतो. कारागीर एकमेकांच्या ओठांकडे बघतात, हाताने खुणा करतात, आणि बारा तासांची पाळी बिनबोभाट पार पडते. वाल्मिक या खुणांत पटाईत झाला. पुढे तो मास्टर झाला, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा आणि नवीन सूत बसवून देणारा माणूस. खात्यात त्याला कधीच काही कमी पडलं नाही. त्यामुळे आपल्याला कमी ऐकू येतं हे त्याला उशिरा कळलं, आणि कळल्यावरही त्याने ते कोणाला सांगितलं नाही.

त्याची बायको उज्ज्वला. लग्न होऊन ती भेस्तानच्या दोन खोल्यांत आली. नंतर मागच्या बाजूला आणखी एक खोली काढली. साड्यांना लेस लावायचं काम ती घरीच करायची. शिलाई मशीन खिडकीला लावलेलं होतं, कारण लेसच्या कामाला उजेड लागतो. त्यामुळे दिवसातले सात-आठ तास तिची पाठ घराकडे असायची. काही सांगायचं असलं की ती मशीन न थांबवता, मान न वळवता सांगायची. मागून वाल्मिकचं "हां" यायचं. कधी एक, कधी दोन.

घरात ती दोघं अहिराणी बोलतात. वाचणाऱ्याला अडचण नको म्हणून त्यांचं बोलणं इथं साध्या मराठीतच सांगतो आहे.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांच्या मुलीने, पूजाने, वेसूच्या एका हॉटेलात दोघांसाठी टेबल ठरवलं. पूजा अडाजणला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर आहे, दिवसभर गुजरातीत बोलते आणि घरी आली तरी अर्धं गुजरातीतच बोलते. तिने आईला नवी साडी नेसवली, बापाला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि दोघांना रिक्षात बसवलं. मी येणार नाही, तुम्ही दोघंच जा, असं तिने बजावून सांगितलं होतं.

हॉटेल तिसऱ्या मजल्यावर होतं. लग्नाचा वाढदिवस आहे हे पूजाने आधीच कळवलेलं, म्हणून त्यांना कोपऱ्यातलं टेबल मिळालं. टेबलावर काचेच्या वाटीत मेणबत्ती होती आणि बाकी अंधार. उज्ज्वलाला ते बरं वाटलं. वाल्मिक मात्र अवघडून बसला. वेटरने वाकून विचारलं, भाजी तिखट करू की मध्यम? वाल्मिक म्हणाला, "हां." वेटरने पुन्हा विचारलं. वाल्मिकने पुन्हा "हां" म्हटलं आणि हसला. वेटरने उज्ज्वलाकडे पाहिलं. तिने मध्यम सांगितलं.

वेटर गेला. मग तिने मेनूकार्ड उचललं, तोंडासमोर धरलं आणि त्याच्या आडून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "घर विकून टाकू का?"

"हां," वाल्मिक म्हणाला.

तिने कार्ड खाली घेतलं, मेणबत्ती स्वतःच्या चेहऱ्याजवळ ओढली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

वाल्मिक दचकला. "का? काय झालं?"

काही नाही, गंमत केली, असं तिने सांगितलं. मग वेटरला बोलावून टेबल बदलून मागितलं. मॅनेजर आला. त्याला वाटलं काहीतरी चुकलं, तो माफी मागू लागला. इतकं चांगलं टेबल सोडून ही बाई केकच्या काउंटरशेजारी, पांढऱ्या ट्यूबलाइटखाली बसायला का मागते, हे त्याला समजलं नाही. पण त्याने बसवलं. तिथे वाल्मिकला तिचा चेहरा नीट दिसत होता. त्या दिवशी ती दोघं दीड तास बोलली. पूजाचं बोलली, खात्यातल्या नव्या वॉटरजेट लूमचं बोलली, शेजारच्या मालतीबाईंच्या जिन्याच्या वादाचं बोलली. घरी परतताना उज्ज्वलाच्या लक्षात आलं की इतकं सलग बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

पुढच्या महिन्यात तीच म्हणाली की परत जाऊ या. वाल्मिकला आश्चर्य वाटलं, पण तो तयार झाला. तेव्हापासून महिन्यातून एक मंगळवार ठरून गेला. रविवारी सुरतेत हॉटेलात जाण्यात अर्थ नसतो. अर्धं गाव बाहेर जेवायला निघालेलं असतं, आणि नाव लिहून पाऊण तास फुटपाथवर उभं राहावं लागतं. मंगळवारी वाल्मिक सातला सुटायचा, अंघोळ करायचा, आणि आठच्या सुमारास ती दोघं निघायची.

हॉटेलची निवड कशी करायची हे त्यांना हळूहळू समजत गेलं. अडाजणच्या थाळीच्या हॉटेलात उजेड भरपूर होता, पण वाढपी दर मिनिटाला दाल, कढी, फरसाण विचारत मधे यायचे आणि वाक्य पुरं व्हायचं नाही. पिपलोदला सिझलर मागवलं तर तव्यावरून इतका धूर उठला की पाच मिनिटं समोरचं माणूस दिसेना. एका हॉटेलात गाणारा होता. त्याचा वाल्मिकला त्रास नव्हता, पण उज्ज्वलाला स्वतःचंच बोलणं ऐकू येईना. शेवटी घोडदोड रोडवरचं एक पहिल्या मजल्यावरचं हॉटेल दोघांना मानवलं. पंजाबी जेवण, स्वच्छ टेबलं, आणि छताला सरळ पांढरे दिवे. तिथला वेटर धर्मेंद्र त्यांना ओळखू लागला. तो उज्ज्वलालाच विचारायचा आणि सावकाश वाढायचा.

पण वेसूच्या त्या पहिल्या दिवसापासून उज्ज्वलाच्या मनात एक गोष्ट होती. ती विचारायला तिला पाच महिने लागले.

तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, तिची आई दोंडाईचाला आजारी पडली. आई उज्ज्वलाच्या भावाकडे, दगाकडे, राहायची. दगाचा फोन आला की आई जेवत नाही, मोठ्या गावात दाखवायला हवं असं डॉक्टर म्हणतात. त्या संध्याकाळी वाल्मिक कामावरून आला, मोरीत पाय धूत होता. उज्ज्वला मशीनवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माल द्यायचा होता, म्हणून हात थांबवता येत नव्हता. खिडकीकडे तोंड करून तिने विचारलं होतं, "आईला इथं आणलं तर तुम्हाला अडचण होईल का?"

मागून उत्तर आलं होतं, "हां."

तिने पुन्हा विचारलं नाही. बाविसाव्या दिवशी आई गेली. वाल्मिक अंत्यविधीला आला, रडला, दहाव्यापर्यंत दगाच्या बरोबरीने राबला. उज्ज्वलाला ते सगळं देखावा वाटलं. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली. भांडण नव्हतं, जेवण वेळेवर व्हायचं, औषधपाणी व्हायचं. पूजाला काही कळलं नाही.

हे सगळं तिने घोडदोड रोडच्या त्या टेबलावर, जेवण अर्धं झालं असताना, त्याच्या चेहऱ्याकडे बघत सांगितलं. मधे थांबली नाही. प्रश्न जसा विचारला होता तसाच पुन्हा म्हटला.

वाल्मिकने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "माले ऐकूच उनं नही."

मला ऐकूच आलं नव्हतं. हे तिला आता अपेक्षितच होतं. पण त्याने पुढे जे सांगितलं ते तिला अपेक्षित नव्हतं. त्याला ती संध्याकाळ आठवतच नव्हती. दगाचा फोन आठवत होता, आईचं दुखणं आठवत होतं, पण त्या दिवशी आपण घरी कधी आलो, मोरीत होतो की बाहेर, काही नाही. तिने तीन वर्षं रोज जे डोक्यात घोळवलं होतं ते त्याच्या लेखी घडलेलंच नव्हतं.

"मग तू बोलायची बंद झालीस ते यामुळे?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय वाटलं होतं?"

"मला वाटलं माझे कान आणखी गेले."

उज्ज्वलाने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. धर्मेंद्र जवळ येत होता, तो दुरूनच वळून दुसऱ्या टेबलाकडे गेला. उरलेलं जेवण त्यांनी संपवलं. दोघांपैकी कोणी रडलं नाही. घरी आल्यावर वाल्मिकने इतकंच विचारलं की दगाला हे माहीत आहे का. नाही, असं तिने सांगितलं.

पुढच्या रविवारी ती दोघं सकाळच्या गाडीने दोंडाईचाला गेली. दगाने ऐकून घेतलं. बहिणीने आईला का नेलं नाही हा प्रश्न त्यालाही होता, पण त्याने कधी विचारला नव्हता. तो म्हणाला, आई तशीही आली नसती, सुरतचं पाणी तिला कधी सोसलं नाही. हे खरं होतं की बहिणीला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं होतं, ते उज्ज्वलाला ठरवता आलं नाही. परतीच्या गाडीत तिने नंदुरबार येईपर्यंत त्यावर विचार केला आणि मग सोडून दिला. वाल्मिक खिडकीशी झोपला होता.

वाल्मिक बहिरा होत चालला आहे हे आता घरात उघड झालं. पूजाने त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासणीत डावा कान जवळजवळ गेलेला आणि उजवा निम्मा राहिलेला निघाला. इतकी वर्षं आपल्या लक्षात कसं आलं नाही म्हणून पूजा दोन दिवस स्वतःवर चिडलेली होती. कानाचं मशीन आलं. पहिला आठवडा वाल्मिकला फार जड गेला. पंख्याचा आवाज, कुकरची शिट्टी, मालतीबाईंचा टीव्ही, सगळं एकदम अंगावर यायचं. आपलं घर इतकं गोंगाटाचं आहे हे मला माहीत नव्हतं, असं तो म्हणाला. खात्यात तो मशीन काढून खिशात ठेवतो. हॉटेलातही काढतो, कारण चमच्यांचा आणि ताटांचा खणखणाट त्याला सहन होत नाही. घरी मात्र घालतो.

उज्ज्वलाने शिलाई मशीन फिरवून घेतलं. आता तिचं तोंड खोलीकडे असतं. उजेड मागून येतो, आणि हाताची सावली लेसवर पडते, म्हणून तिने एक छोटा दिवा लावून घेतला. कानात मशीन असताना हे कशाला, असं पूजाने विचारलं. उज्ज्वलाने असू दे म्हटलं.

मंगळवारचं जेवण चालूच राहिलं. सुरुवातीचे काही महिने वाल्मिक तिला विचारायचा की आणखी काय काय सांगितलं होतंस जे मला ऐकू आलं नाही. ती आठवून सांगायची. मालतीबाईंच्या जावयाचं आजारपण, पूजाला बारावीत एकदा चक्कर आली होती ती गोष्ट, मागच्या खोलीचं छत कुठे गळतं ते. बरंचसं बिनमहत्त्वाचं होतं. काही गोष्टी तिने सांगितल्या नाहीत. तीन वर्षांत रागाच्या भरात ती मशीनवर बसून बरंच पुटपुटली होती. ते त्याला ऐकू आलं नाही याचा तिला आता त्रास नव्हता.

गेल्या महिन्यात ती दोघं डुमस रोडवरच्या एका नव्या हॉटेलात गेली. सूप आल्यावर उज्ज्वलाने सांगितलं की मागच्या खोलीत आणखी तीन मशीन टाकायची, गल्लीतल्या तीन बायकांना कामाला घ्यायचं आणि लेसचं काम मोठं करायचं असं तिने ठरवलं आहे. वाल्मिकने लक्ष देऊन पाहिलं आणि म्हणाला, "नको."

"का नको?"

घरात दिवसभर परक्या बायका नकोत, आणि तुझी पाठ आताच दुखते, असं तो म्हणाला. ती म्हणाली, पाठ माझी आहे. तो म्हणाला, खोली दोघांची आहे. ती म्हणाली की तो बारा-बारा तास साठ लूममध्ये असतो, तीन मशीनचा आवाज त्याला काय करणार. यावर त्याने कानाला हात लावून दाखवला की आता घरी सगळं ऐकू येतं. बोलता बोलता त्याचे हात खात्यातल्यासारखे चालू लागले, तिनेही हात वर केले, आणि शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. भाजी गार झाली. वेटरने विचारून ती डब्यात बांधून दिली. परतीच्या रिक्षातही वाद चालूच होता, पण कानाचं मशीन खिशात आणि रिक्षात अंधार, त्यामुळे वाल्मिकला निम्मंच कळत होतं, म्हणून उज्ज्वलाने उरलेलं घरी गेल्यावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मालतीबाईंनी विचारलं की नव्या हॉटेलात जेवण कसं होतं. पनीरचं काहीतरी होतं बहुतेक, असं उज्ज्वलाने सांगितलं. मग तिने त्यांच्याकडून मोजपट्टी मागून घेतली आणि मागच्या खोलीची लांबी मोजायला गेली.