मर्ल व्रूमनची परीक्षा

मर्ल व्रूमननं आयुष्यात तीन माणसांचे जबडे मोडले. पहिला सख्ख्या बापाचा. बाप त्याला पोरवयापासून ट्रकच्या फॅनबेल्टनं फोडून काढायचा. सतराव्या वर्षी मर्लनं तो पट्टा हिसकावला आणि एकच ठोसा दिला. दुसरा जबडा बारमधल्या एका अनोळखी माणसाचा. त्याबद्दल सहा महिने तुरुंग भोगला. तिसऱ्याच्या वेळी मी दहा पावलांवर होते.

मी इडा. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी गॅरेजात सुट्या भागांच्या खिडकीत सव्वीस वर्षं बसले. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारे ट्रक, पोलिसांच्या गाड्या, सगळं दुरुस्तीला आमच्याकडे. मर्ल आमचा सगळ्यात चांगला मेकॅनिक. इंजिनावर नुसता हात ठेवून दुखणं सांगायचा. माणसांशी मात्र त्याचं कधी जमलं नाही.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत त्यानं चौदा नंबरच्या ट्रकला लाल चिठ्ठी लावली, म्हणजे गाडी बाहेर काढायची नाही. ब्रेकची नळी गंजून पापुद्र्यासारखी झाली होती. आमचा फोरमन गस पेल्की. त्या जागेची सरकारी परीक्षा न देताच तात्पुरता म्हणून बसलेला, त्याला चार वर्षं झाली होती. बाहेर फूटभर बर्फ साचलेला आणि वरून फोनवर फोन. पेल्कीनं चिठ्ठी फाडली, तपासणीच्या कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा ठोकल्या आणि लॉनी नावाच्या ड्रायव्हरला म्हणाला, "काही होत नाही रे, सावकाश घे."

पाठीवर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायच्या मिठाचं ओझं घेऊन तो ट्रक चर्चच्या उतारावरून सुटला आणि पुलाच्या दगडी कठड्यावर आदळला. केबिन पत्र्याच्या डब्यासारखी चेपली. लॉनीला कापून काढायला गॅस कटर घेऊन कोण गेलं? मर्लच. स्टिअरिंगचा दांडा लॉनीच्या छातीत घुसला होता. मर्ल पत्रा कापत होता तोवर लॉनी जिवंत होता, बायकोला हाका मारत होता. मग थांबला.

मर्ल परत आला तो थेट पेल्कीसमोर. पेल्की म्हणाला, "अरे, लॉनीच वेगात असणार—"

पुढचं बोलायला त्याचा जबडा जागेवर राहिला नाही. मर्लनं त्याला जॅकवर आपटला, कॉलर धरून उचलला, परत आपटला. चौघांनी ओढून काढलं तेव्हा जमिनीवरच्या ऑइलमध्ये दात पडले होते.

पोलिसांत कुणी गेलं नाही. गेलं असतं तर फाडलेली चिठ्ठी बाहेर आली असती. युनियननं मध्ये पडून मर्लची नोकरी वाचवली. तीस दिवस बिनपगारी घरी बसायचं ठरलं. वरच्यांनीही घाबरून फोरमनच्या जागेची परीक्षा जाहीर केली. नियम असा की पहिल्या तिघांतूनच एकाला घ्यायचं.

"तू दे," मी म्हणाले.

"मी? अगं, माझं डोकं हातात आहे."

तरी तो रोज दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागला. विषयांची यादी मी फ्रिजवर चिकटवली: गाड्यांची वेळच्या वेळी देखभाल, सुट्या भागांचा साठा, नोंदी ठेवणं, लिहिलेलं वाचून समजणं आणि हाताखालच्या माणसांकडून काम घेणं. पहिले चार त्यानं भराभर पचवले. पाचव्यापाशी घोडं अडलं.

"तुमच्या हाताखालचा माणूस दारू पिऊन कामावर आला. आधी काय कराल?" मी वाचायची.

"पाण्याच्या पिंपात डोकं बुडवीन."

"तो पर्याय नाहीये, मर्ल."

"मग पर्याय चुकलेत."

"एक माणूस सगळ्यांदेखत तुम्हाला उलट बोलला."

त्यानं टेबलावर अशी मूठ आपटली की कॉफी माझ्या मांडीवर. मग त्यानं यादीकडे बघितलं. "एकट्याला आत बोलवायचं," तो पुटपुटला. "त्याचं ऐकून घ्यायचं. बापानं एकदा तरी ऐकलं असतं ना गं..."

परीक्षा शनिवारी सकाळी, शाळेच्या जेवणघरात. मीच त्याला गाडीतून नेलं. तो उतरला तेवढ्यात दोन गाड्यांच्या मधून पेल्कीचा धाकटा भाऊ रसेल आला आणि चाकाचा लोखंडी पाना मर्लच्या कानशिलावर हाणला. कवटीचा आवाज मला बंद काचेतून ऐकू आला. मर्ल गुडघ्यावर कोसळला; रसेलनं बरगड्यांवर दोन घाव घातले. "दादाला स्ट्रॉनं जेवावं लागतंय, कळलं का रे?"

तिसरा घाव मर्लनं हातावर झेलला आणि पाना हिसकावला. पुढच्या क्षणी रसेल खाली, त्याच्या छातीवर मर्लचा गुडघा, पाना डोक्याच्या वर. मर्लच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

थांब म्हणायला हवं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं: "मर्ल, दार नऊला बंद होतं!"

पाना खाली आला तो रसेलच्या गाडीच्या काचेवर. एकदा, दोनदा, काच संपेपर्यंत. मग तो टाकून मर्ल डुलत दाराकडे गेला.

आत काय झालं ते नंतर देखरेख करणाऱ्या बाईंनी मला सांगितलं. पेल्की तारांनी बांधलेला जबडा घेऊन दोन रांगा पुढे बसला होता. बाई मर्लजवळ जाऊन म्हणाल्या, "अहो, कागदावर रक्त सांडतंय. पेपर तपासणाऱ्या यंत्राला डाग म्हणजे उत्तराची खूण वाटते." त्यांनी डोक्याला धरायला टॉवेल दिला आणि कोरी उत्तरपत्रिका दिली. साडेतीन तास तो बसला. बाहेर आला आणि माझ्या गाडीत ओकला. दोन बरगड्या मोडल्या होत्या. डावा कान कायमचा गेला.

मे महिन्यात यादी लागली. मर्ल दुसरा, पेल्की सातवा. पहिल्या आलेल्याला दुसऱ्या काउंटीत जागा मिळाली होती, त्यानं नकार कळवला. तिसऱ्याला गाड्यांतलं फारसं कळत नव्हतं. वरच्यांनी महिनाभर चुळबुळ करून मर्लला नेमलं, एक वर्षाच्या अटीवर: हात उचललास तर घरी. पेल्की राजीनामा देऊन गेला. लॉनीची बायको एकदा गॅरेजात आली, मर्लचे दोन्ही हात धरून उभी राहिली आणि निघून गेली.

पहिल्याच हिवाळ्यात मर्लनं नॉर्ब नावाच्या ड्रायव्हरचा ट्रक लाल चिठ्ठी लावून अडवला. नॉर्बचा ओव्हरटाइम बुडाला. तो मर्लच्या डाव्या बाजूनं ओरडत आला. मर्लला ऐकू गेलं नाही. नॉर्बला वाटलं, मुद्दाम. त्यानं खांदा धरून फिरवलं आणि सगळ्यांदेखत मर्लच्या तोंडावर ठोसा मारला.

गॅरेजातले पाने जागच्या जागी थांबले. मर्लचा ओठ फाटला होता. मुठी वळलेल्या, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या.

"आत ये," तो म्हणाला. "दार लावून घे. काय झालं ते सांग."

वीस मिनिटांनी नॉर्ब बाहेर आला, हातात तीन दिवसांच्या रजेचा कागद, डोळे लाल. "बस म्हणाला," तो मला म्हणाला. "नुसता ऐकत बसला गं."

पाठोपाठ मर्ल निघाला आणि मागच्या मिठाच्या शेडमध्ये शिरला. मी बँडेजची पेटी घेऊन धावले. तो त्या गोठून दगड झालेल्या ढिगावर ठोसे मारत होता, दोन्ही हातांनी, श्वास न घेता. बोटांची सालं निघाली होती, आणि मीठ लाल झालं होतं.

"मर्ल, पुरे," मी त्याच्या उजव्या कानाशी म्हणाले.

"अजून दोन मिनिटं," तो म्हणाला. "मग येतो. सोळा नंबरचे ब्रेक बघायचेत."