पुसलेल्या गावासाठी प्रार्थना

रविवारच्या शाळेत मुलांना नवा जन्म समजावून सांगताना मी माझ्याच मुलीचं गाव पुसून टाकलं. मोबाईलमधलं होतं, पण गाव होतं.

सेलूत आमची ख्रिस्ती मंडळी लहान. भाड्याच्या हॉलमध्ये उपासना होते आणि तिच्या आधी तासभर मी मुलांना शिकवतो. आठवडाभर मी जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाड्यांचं वजन करतो, रविवारी आत्म्यांचं. पहिलं काम मला जमतं.

माझ्या तासाला पोरं पेंगायची. म्हणून ठरवलं, त्यांचा जीव ज्यात अडकलाय त्यातूनच धडा काढायचा. मुलगी माझ्याच मोबाईलवर गेम खेळते, ते मी बघायला लागलो आणि मला जिकडंतिकडं शास्त्र दिसायला लागलं. पळणाऱ्या गड्याच्या गेमवरून मी शिकवलं की पृथ्वीवर धन साठवू नये. एक पोरगं म्हणालं, "पण सर, नाणी गोळा केली न्हाई तर नवा गडी भेटत न्हाई." मी म्हणालो, "तेच तर!" काय तेच, ते मलाही कळलं नव्हतं. मग शेतीच्या गेमवर बायबलमधला पेरणाऱ्याचा दाखला घेतला, खडकावर पडलेलं बी करपतं तो. सगळ्यांसमोर खडकावर बी टाकलं, आता करपेल म्हणून वाट बघत बसलो, तर ते तरारून वर आलं. शेतकऱ्यांची पोरं ती. "सर, हे बियाणं कुठं भेटतंय? आमच्या बापाला लय गरज हाय."

शहाणा माणूस इथं थांबला असता.

मुलीचा सगळ्यात लाडका गेम ठोकळ्यांचा. ठोकळे खणायचे, एकावर एक ठेवायचे, वाटेल ते बांधायचं. अख्ख्या सुट्टीत तिनं त्यात एक गाव उभं केलं होतं. येलदरीसारखं धरण. टेकडीवर क्रूस लावलेलं चर्च, कारण आपल्याला स्वतःचं न्हाई. माझ्यासाठी एक जिनिंग, आणि त्याच्या दारात एक ठोकळ्यांचा माणूस, पोट जरा पुढं आलेला. संध्याकाळी मी कामावरून आलो की मोबाईल तिच्या हातात जायचा आणि आज काय नवं बांधलं ते ती मला सांगायची. मी चहा पीत हं हं करायचो. त्या गेममध्ये एकच गाव राहतं, दुसरं सुरू केलं की पहिलं जातं, हेही तिनं सांगितलं होतं. त्यालाही मी हं म्हणालो होतो.

त्या रविवारी धडा होता, ख्रिस्तात माणूस नवा होतो आणि जुनं निघून जातं. मी ठोकळ्यांचा गेम उघडून मोबाईल उंच धरला.

"बघा मुलांनो, इथं लिहिलंय, नवा खेळ. लावलं बोट. आता हे काय विचारतंय? जुनं सगळं पुसलं जाईल, चालेल का? प्रभूही आपल्याला हेच विचारतो! काय सांगायचं त्याला?"

"होऽऽ!" वर्ग ओरडला.

मागच्या रांगेतून एकच आवाज आला, "न्हाईऽऽ!"

मला वाटलं, कुणाचं तरी मन अजून कठीण आहे. "शंका घेऊ नका," असं म्हणून मी बोट दाबलं.

पडद्यावर मोकळं हिरवं माळरान आलं. एक मेंढरू चरत होतं. मागच्या रांगेतून माझी मुलगी चालत पुढं आली. तिनं मोबाईल माझ्या हातातून घेतला, बघितलं आणि परत दिला. रडली असती तर बरं झालं असतं.

आमच्याकडं उपासनेत गाणी झाली की प्रार्थनेच्या विनंत्या घेतात. कुणाचा गुडघा असतो, कुणाच्या पोरीची सोयरीक, कुणाची म्हैस दूध देत नसते. पाळकसाहेबांनी विचारलं, "अजून कुणाची विनंती?" आणि बायकोच्या शेजारून मुलगी उठली.

"सर्वांना सलाम. मी मोबाईलमध्ये एक गाव बांधलं होतं. त्यात धरण होतं, चर्च होतं. आज सकाळी पप्पांनी ते पुसलं. माझ्या गावासाठी प्रार्थना करा."

पाळकसाहेब हसू दाबत पंख्याकडं बघायला लागले. पण मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या मावशी उठल्या. मावशींना मोबाईल माहीत आहे तो हिरवं बटण दाबण्यापुरता. पण विनंती ती विनंती. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि डोळे मिटले.

"हे जिवंत बापा, या लेकरानं लय मेहनतीनं गाव बांधलं. तूबी जग बांधलंस, बांधणाऱ्याचं दुखणं तुला ठावं हाय. त्या गावची गुरंढोरं कुठं गेली असतील, ती तू सांभाळ. अन् हिच्या बापाला जरा अक्कल दे. हात लावायच्या आदी इचारायची बुद्धी दे."

"आमेन!" सगळा हॉल म्हणाला. सगळ्यात मोठ्यानं माझी बायको.

त्यानंतर मुलगी माझ्याशी बोलेना. पाणी आणून द्यायची, पण हातात न देता समोर ठेवायची. त्यात पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारचा धडा ठरवून दिला. क्षमा. देताना हसतही होते. मुलगी समोर बसलेली असताना तो मी कोणत्या तोंडानं शिकवणार होतो?

म्हणून मी स्वतःच गाव परत बांधायला बसलो. पाया खणायला गेलो आणि खड्ड्यात पडलो. वर येता येईना म्हणून आणखी खणलं, तर आणखी खाली गेलो. मग घर बांधलं, त्याला दार ठेवायचं विसरलो आणि मी आत. धरणासाठी पाणी सोडलं ते मेंढराला घेऊन गेलं. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "ओ, मावशींना अजून एक विनंती पाठवू का?"

शनिवारी चर्च कसंबसं उभं राहिलं. मी वर क्रूस लावत होतो.

"आडवा ठोकळा खाली लागलाय," मागून आवाज आला. "क्रूस उलटा झालाय."

मी वळून बघितलं नाही, न जाणो गप्प बसली तर. मग ती म्हणाली, "सरका," आणि शेजारी बसली. मी दगड खणून द्यायचे, तिनं लावायचे, असं सुरू झालं.

"धरण कुठं होतं गं?"

"सांगितलं होतं की तुमाला."

"परत सांग."

तिनं सांगितलं. या वेळी मी हं हं केलं नाही. चहा मात्र गार झाला.

रविवारी मोबाईल घरीच ठेवून मी शिकवायला गेलो. "कुणी आपलं वाईट केलं तर सातदा नव्हे, साताच्या सत्तरपट क्षमा करायची. किती झाले?"

"चारशे नव्वद, सर!"

"शाबास. मग या आठवड्यात कुणी कुणाला क्षमा केली का?" विचारलं सगळ्यांना, बघत होतो मागच्या रांगेकडं.

मुलगी उठली. "मी केली. पप्पांना."

मी रुमाल काढायला खिशात हात घातला. ती अजून उभीच होती.

"पण सर," ती म्हणाली, "चारशे नव्वद तुमाला पुरायचं न्हाई."