नाक्यावरच्या धुरींचा तारा

तोंडवळीत दत्ताराम धुरींकडे कुणी पाहुणा आला की धुरींचं लक्ष आधी त्याच्या पिशवीकडे जाई आणि मग तोंडाकडे. त्यात वाईट हेतू काही नसे. सगळी नोकरी इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गेलेली. गोव्याकडून येणाऱ्या गाड्या थांबवायच्या आणि आत चोरटी दारू नाही ना ते बघायचं. माशांच्या बर्फाखाली, गादीच्या कापसात, एकदा तर लग्नाच्या गाडीत आहेराच्या कळशांमध्ये त्यांनी बाटल्या पकडल्या होत्या. नवरदेव रडायला लागला. धुरींना त्याची दया आली, पण तो खरंच रडतोय का, हेही त्यांनी जवळ जाऊन बघून घेतलं होतं.

निवृत्त होऊन ते गावी आले आणि त्यांच्या संशयाला काम उरलं नाही. रिकामा संशय मोकाट गुरासारखा असतो, तो दुसऱ्याच्या कुंपणात शिरतो. शेजारच्या शर्मिलाने घराला दोन खोल्या जोडून पर्यटकांची सोय केली होती. धुरी आपल्या पडवीत बसून त्या पर्यटकांची ये-जा बघत. एका जोडप्यात त्यांना काहीतरी खटकलं. त्यांनी कुंपणाशी उभं राहून लग्न कुठे झालं, कधी झालं, कोणाकडून ठरलं, अशी चौकशी केली की ते जोडपं दुपारच्या जेवणाआधीच सामान उचलून गेलं.

शर्मिला धुरींच्या बायकोकडे, विनीताकाकींकडे आली. "काकी, काकांका वायच सांगा. माजा गिऱ्हाईक पळता."

विनीताकाकी नवऱ्याला काही बोलल्या नाहीत, कारण उपयोग नव्हता. त्यांनी पुण्याला लेकीला फोन लावला. प्राजक्ता तिथे संगणकाच्या कंपनीत होती. गणपतीला आली तेव्हा तिने बापाला घरातल्या जुन्या संगणकासमोर बसवलं. पडद्यावर नुसते ठिपके होते, मुंग्यांची रांग वाळूवरून जावी तसे.

"बाबा, अंतराळात एक दुर्बीण आसा," ती म्हणाली. "ती ताऱ्यांचो उजेड मापता. हो एका ताऱ्याचो उजेड. डावीकडसून उजवीकडे दिवस पुढे जातत. ताऱ्याच्या आड तेचो ग्रह इलो तर उजेड वायच कमी होता, आणि ठिपक्यांत असो खड्डो पडता. बरेचसे खड्डे संगणकच शोधता, पण थोडे तेच्या नजरेतसून सुटतत. म्हणान वेबसाइटवर जगातल्या लोकांका दाखयतत. खड्डो दिसलो की खूण करूची."

"पगार?"

"नाय."

"म्हणजे फुकट?"

"फुकट."

धुरी खुर्चीत मागे रेलले. "फुकट काम करून घेणाऱ्याचो कायतरी फायदो आसतलो. तो आधी शोधूक होयो."

तो फायदा शोधण्यासाठीच ते रोज बसायला लागले. आपली बँकेची माहिती कुणी चोरतंय का, आपल्याकडून भलतंच काही करवून घेतंय का, हे तपासता तपासता त्यांचं लक्ष ठिपक्यांकडे कधी वळलं, ते त्यांनाही कळलं नाही. मग त्यांच्या ध्यानात आलं की इथे फसवणूक आहे, पण ती वेबसाइटवाल्यांची नाही. फसवणूक तारेच करत होते. खड्डा दिसे, माणसाला ग्रह वाटे आणि निघे भलतंच काही. कधी दोन तारे एकमेकांभोवती फिरताना एकमेकांना झाकत. अशा वेळी एक खड्डा खोल, पुढचा उथळ, पुन्हा खोल, असा घोळ दिसे. कधी शेजारच्या ताऱ्याचा उजेड यात मिसळलेला असे आणि चोरी त्या शेजाऱ्याची असे. कधी दुर्बीणच जराशी डळमळे आणि आसपासच्या सगळ्या ताऱ्यांना एकाच दिवशी खड्डे पडत. प्राजक्ता रविवारी फोनवर इंग्रजी लेख समजावून सांगे. धुरींच्या चेहऱ्यावर नोकरीतलं तेज परत आलं. शर्मिलाच्या पर्यटकांकडे आता त्यांचं लक्षही नसे.

वेबसाइटवर लोकांच्या चर्चेचं एक पान होतं. कुणी "मला ग्रह सापडला" असं लिहिलं की खाली धुरींच्या मोडक्या इंग्रजीत उत्तर पडे, "ग्रह नाही. दोन तारे." कारण ते देत, पण गोड बोलत नसत. ब्राझीलमधल्या एका बाईने चिडून विचारलं, तुम्ही आयुष्यात कशावर तरी विश्वास ठेवता का? धुरींनी हा प्रश्न प्राजक्ताकडून दोनदा समजून घेतला आणि उत्तर दिलं नाही. पुण्याच्या डॉ. समीक्षा या संशोधक त्या प्रकल्पात काम करत. तुमच्या शंकांचा आम्हाला उपयोग होतो, असं त्यांनी कळवलं. हे कौतुक कशासाठी चाललंय, असा धुरींना संशय आला.

याच पानावर त्यांना सेबॅस्टियन भेटला. जहाजावर इंजिनियर होता, आता मालवणात घरी बसलेला. धुरींना सगळीकडे चोर दिसे, तसा याला सगळीकडे ग्रह दिसे. धुरींनी त्याचे कितीतरी ग्रह खोडले होते, तरी त्याला राग नव्हता. एक दिवस तो स्कूटरवरून थेट अंगणात आला, हातात नारळ-गुळाच्या दोदोलचा डबा घेऊन.

धुरींनी डब्याकडे बघितलं. "तुमका माजो पत्तो कोणी दिलो?"

"नावाखाली सिंधुदुर्ग लिवलास, आणि बोलणा नाक्यावरच्या सायबासारख्या," सेबॅस्टियन हसून म्हणाला. "बसस्टँडवर इचारलंय. पयल्याच माणसान घर दाखयल्यान."

तेव्हापासून तो अधूनमधून येऊ लागला. विनीताकाकींना तो आवडला. धुरींनाही आवडला, पण हा एवढ्या लांबून उगाच कसा येतो, हा प्रश्न त्यांच्या मनात चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला.

डिसेंबरात धुरींना तो तारा दिसला. साधा, नाव नसलेला, नुसता क्रमांक असलेला तारा. त्याच्या उजेडात एक उथळ, सपाट तळाचा खड्डा होता. दोन वर्षांनी दुर्बीण पुन्हा आकाशाच्या त्याच भागाकडे वळली होती, तेव्हा तसाच दुसरा खड्डा. धुरींनी नेहमीप्रमाणे तपासणीला सुरुवात केली. दोन तारे असतील म्हणून बघितलं, नव्हते. शेजारी बघितले, ते निर्दोष. दुर्बीण डळमळली म्हणावं तर त्या दिवशी बाकीचे तारे शांत होते. काही आठवडे ते त्या ताऱ्याला उलटसुलट विचारत होते आणि तारा जबानी बदलत नव्हता.

कुणी दुसरा असता तर त्याने आनंदाने जगाला सांगितलं असतं. धुरींना धास्ती वाटली. सांगितलं आणि कुणी आपल्या नावावर केलं तर? त्यांनी साधी खूणसुद्धा केली नाही, कारण खूण केली की ती पुढे कुणाच्या हाती जाते कोण जाणे. विनीताकाकींना सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. दुर्बीण तिसऱ्यांदा तिकडे वळेल, तिसरा खड्डा मिळेल आणि मग पक्क्या पुराव्यासकट बोलू, असं त्यांनी ठरवलं.

मार्च संपता संपता चर्चेच्या पानावर सेबॅस्टियनचा मजकूर आला. तोच तारा, तेच दोन खड्डे आणि खाली, "माझ्या मते हा फार सुंदर ग्रह आहे."

धुरींनी ताऱ्याचा क्रमांक पुन्हा जुळवून पाहिला. मग डोकं नाक्यावरच्या सवयीने लगेच मागे फिरलं. हा आपल्या घरी कधी आला होता? फेब्रुवारीत. तेव्हा आपण त्याला खोलीत बसवून विहिरीवर गेलो होतो. खोलीत कोण? हा एकटा. खोलीत काय? संगणक. झालं, मुद्देमाल सापडला. धुरींनी तिथल्या तिथे लिहिलं, "हा तारा मी आधी पाहिला. हा माणूस माझ्या घरी आला आणि माझ्या संगणकावरून चोरून घेतला."

सेबॅस्टियनचं उत्तर एका ओळीचं होतं. "मी तुमच्या घरी कॉफी प्यायला आलो होतो." पुढे त्याने काही लिहिलं नाही, फोन केला नाही आणि तो आलाही नाही.

विनीताकाकींना हे प्राजक्ताच्या फोनवरून कळलं. त्या माजघरातून बाहेर आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी तुमी विहिरीवर कित्याक गेलात?"

"पाणी काढूक."

"पंप आसताना?"

धुरींनी परसातल्या पंपाकडे मान वळवली.

"वीज नव्हती," काकी म्हणाल्या. "सकाळपासून नव्हती. म्हणान पंप लागणा नव्हतो. मगे तुमचो संगणक कशावर चालत होतो? तेना काळो पडदो बघून चोरी केल्यान?"

धुरींनी खूप गुन्हेगार गप्प झालेले पाहिले होते. खाली बघायचं आणि बोटांनी कशाशी तरी चाळा करायचा, हे त्यांना ठाऊक होतं. आपण खुर्चीच्या वेताशी चाळा करतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले.

तरी संशय लगेच मेला नाही. दुसऱ्या दिवशी डॉ. समीक्षांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, मग त्याला नेमका तोच तारा कसा मिळाला?"

"काका, प्रत्येक तारा आम्ही अनेक जणांना दाखवतो. सेबॅस्टियनना दाखवला, आणखी कितीतरी जणांना दाखवला. तो असा का दाखवतो, ठाऊक आहे?"

"नाही."

"कारण आम्ही एकट्या कुणावरच विश्वास ठेवत नाही. तुमच्यावर नाही आणि माझ्यावरही नाही. एकाला दिसलं ते इतरांनाही दिसतं का, एवढंच बघतो."

धुरींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणखी एक सांगते, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "दोन खड्ड्यांमध्ये दोन वर्षं गेली आहेत. ग्रह मधल्या काळात एकदा फिरला की दहादा, ते आपल्याला माहीत नाही. पण त्याच्या एका फेरीला अमुक दिवस लागत असतील तर खड्डा अमुक दिवशी यायला हवा, अशा काही तारखा काढता येतात. त्यातली एक तारीख जानेवारीत होती. तेव्हा तारा डोक्यावर होता. तुम्ही बोलला असतात तर हिमालयातल्या दुर्बिणीतून बघता आलं असतं. आता तो सूर्याच्या आड जाईल, मग पाऊस. थेट ऑक्टोबर."

फोन ठेवून धुरी पडवीत येऊन बसले. सेबॅस्टियनने चोरी केली नव्हती. पण मालाची गाडी अडवून कुणीतरी महिनोन् महिने उभी करून ठेवली होती, हे खरं होतं. ती कुणी अडवली, हे शोधायला तपासणीची गरज नव्हती.

ते एसटीने मालवणला गेले. सेबॅस्टियनच्या बायकोने, मार्गारेटने, दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. मागून सेबॅस्टियन आला. तो नेहमीसारखा हसला नाही. त्याने धुरींकडे आणि त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"आज काय तपासूक इलात?"

"काय नाय. माजी चूक झाली, ता सांगूक इलंय."

"माज्या दारात सांगून काय होता?" सेबॅस्टियन म्हणाला. "हयसर माका कोण चोर म्हणत नाय. जयसर म्हटलात थयसर सांगा."

"सांगतंय."

"आणि बघा, धुरी. मी तुमच्याकडे येय होतंय कारण तुमी माजे ग्रह खोडत होतात. बाकीचे नुसते वा वा करीत. आता तुमी बरा बोललात तरी माका वाटतला, हेच्या मनात काय आसा."

 धुरींच्या मनात आयुष्यभर जे दुसऱ्यांविषयी होतं, ते आज कुणाच्या तरी मनात त्यांच्याविषयी होतं. ते परत बसस्टँडवर आले. घरी पोचल्यावर त्यांनी लेकीची मदत न घेता लिहिलं. इंग्रजी मोडकंच होतं, पण अर्थ लख्ख होता. मी खोटा आरोप केला. माझ्या घरी त्या दिवशी वीज नव्हती. तारा मला आधी दिसला होता, पण मी तो लपवला, आणि त्यामुळे जानेवारीची संधी गेली. सेबॅस्टियनने तो सगळ्यांना दाखवला, म्हणून शोध त्याचा. त्या ब्राझीलच्या बाईने खाली फक्त "धन्यवाद" असं लिहिलं.

सबंध पावसाळा सेबॅस्टियन आला नाही. धुरी रोज बसत, तारे तपासत, पण आता शंका आली की खुणेसकट लगेच लिहून टाकत.

ऑक्टोबरात हिमालयातल्या दुर्बिणीने त्या ताऱ्याकडे बघायला सुरुवात केली. काढलेल्या तारखांपैकी पहिलीला काही दिसलं नाही. दुसऱ्या तारखेला ढग होते. नोव्हेंबरात एका सकाळी धुरींचा फोन वाजला. सेबॅस्टियन होता. कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज ऐकू आला.

"आयकलास?"

"मॅडमचो फोन येऊन गेलो. उजेड कमी होऊक लागलो आणि तेवढ्यात उजाडला."

"म्हणजे अर्धो खड्डो तरी गावलो."

"अर्धोच गावलो," धुरी म्हणाले. "दुसरी बाजू कोणी बघितली? अर्धी साक्ष कोर्टात टिकणा नाय."

 सेबॅस्टियन हसला, मोकळं नाही, पण हसला. "मगे पुढच्या तारखेक बघूया." मग म्हणाला, "काकींका सांगा, रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर येतंय."

रविवारी तो आला. पूर्वीसारखा आत घुसला नाही, पायरीवर थांबून विचारून मग आत आला. काकींनी कॉफी दिली. दोघे पडद्यासमोर बसले आणि एका तिसऱ्याच ताऱ्यावरून त्यांचं वाजलं.

तो तारा आता संशोधकांच्या संभाव्य ग्रहांच्या यादीत आहे. यादीत शोधणाऱ्यांची नावं आहेत, सेबॅस्टियनचं आधी, धुरींचं नंतर, आणि मग परदेशातली बरीच. मालवणच्या चर्चच्या आवारात सेबॅस्टियन सांगतो की आम्ही ग्रह शोधला. तोंडवळीत देवळाच्या कट्ट्यावर कुणी धुरींना विचारतं, "काय, ग्रह गावलो म्हणतत?"

"गावलो म्हणू नको," धुरी सांगतात. "सध्या नुसतो संशयित आसा."