बुधवारची दुपार

घरातून निघण्यापूर्वी व्हर्डेल रोज केसांचा टोप डोक्यावर बसवी आणि दोन्ही हातांनी दोनदा थोपटी, निजलेल्या मुलाला थोपटावं तसं. मग इस्पितळाच्या लाँड्रीत दिवसभर ओल्या चादरी. एकोणीस वर्षं झाली. अलाबामाहून क्लीव्हलंडला आली तेव्हा हातांवर कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते, आता वाफेचे चट्टे होते.

बुधवारी पाळी दुपारीच सुटे. मग ती आणि वरच्या मजल्यावरची ओझेला कोपऱ्यावरच्या थिएटरात जात. बूट काढायचे, मेणकागदातला तळलेला मासा मांडीवर घ्यायचा. पडद्यावर एखादी उंच काळी बाई केसांत पिस्तूल लपवून गल्लीतल्या गर्द विकणाऱ्यांना लोळवत असे. सगळं थिएटर तिला सल्ले देई. व्हर्डेलचा आवाज सगळ्यांत मोठा, रविवारी चर्चमध्ये असे तसाच.

"मागे बघ गं, मागे! जिन्यात उभा आहे मेला!"

"बारा जणांना बडवलं आणि नखसुद्धा तुटलं नाही," ओझेला नाक मुरडी. "खोटं तरी किती दाखवावं!"

"नखाचं जाऊ दे. पाय सुजलेत का बघ तिचे? अशी एक तरी बाई आपल्यात असू दे की, पडद्यावर का होईना."

एवढं बोलून ती बहुधा डुलकी घेई. मारामारी आली की ओझेला कोपर मारी.

त्या मार्चमध्ये नव्या गोऱ्या मुकादमाने तिची बुधवारची दुपार काढून घेतली. तो तिच्या निम्म्या वयाचा, आणि तिला नुसतं 'व्हर्डेल' म्हणे. तिने आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तिने यंत्र बंद केलं, टोप थोपटला.

"मिसेस गेन्स म्हणायचं. आणि बुधवारी दुपारी मला काम असतं."

"कसलं काम?"

"बसायचं."

बायका खो खो हसल्या. मुकादमाने तिची दुपार परत दिली, पण आठवडाभर सगळ्यांत जड गाड्या तिच्याच वाट्याला आल्या. तिने त्या मुकाट्याने ढकलल्या.

बुधवारी थिएटरच्या चार पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली.

"घरी जाऊ या का गं?" ओझेलाने विचारलं.

"भांडून मिळवलेली दुपार घरी घालवू?"

आत तिने बूट काढले. मासा तसाच ठेवला. टोपही काढून मांडीवर घेतला, चारचौघांत पहिल्यांदाच. पुढे ओझेलाने कोपर मारलं, पुन्हा मारलं. पडद्यावरची बाई जिंकली, थिएटर ओरडलं, व्हर्डेल उठली नाही. तिचं बोलणं दिवे मालवले तेव्हाच संपलं होतं. डोकं मागे टेकत ती म्हणाली होती, "मारामारी आली की उठव."